वेवजीच्या पाड्यावर, बायकोच्या शाळेत एक शनिवार

बदलीचे अर्ज सुरू झालेत हे मीनलला फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर ती "बघू" म्हणते आणि विषय संपतो. म्हणून शुक्रवारी पहाटे मी नाशिकहून डहाणूची एसटी धरली. माझी बायको तलासरी तालुक्यात, वेवजीजवळच्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि मी नाशिकला बँकेत. लग्न झाल्यापासून आमचा संसार सुट्ट्यांमध्येच चाललाय.

जाणाऱ्यांनो, जव्हारकडचा रस्ता फार वळणांचा आहे, भरपेट मिसळ खाऊन बसू नका. डहाणूहून तलासरीला गाड्या मिळतात, पुढे शेअर रिक्षा. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई घरी ठेवून या.

शनिवारी सकाळची शाळा. मीनल म्हणाली, "आज खेळ तुम्ही घ्या." खेळ सोपा आहे. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला एकेक इंग्रजी शब्द मिळालेला. गोल करून उभं राहायचं. "पॉट, पॉट, व्हेअर इज क्रॅब?" अशी पॉटने हाक दिली की क्रॅबने उडी मारून "आय अ‍ॅम हिअर" म्हणायचं आणि पुढच्याला हाक द्यायची. मी रंगात आलो. नव्याने आलेल्या सोनीकडे शब्द नव्हता, तिला म्हटलं, "तू अंब्रेला."

खेळ थांबला.

"अंब्रेला जयेश हाय," एक मुलगी म्हणाली.

"कुठे आहे तो?"

"वीटभट्टीवर गेलाय, आईबापासंगं. होळीला येल."

दिवाळीनंतर अशी कितीतरी मुलं जातात. त्यांचे शब्द बाकीची पोरं कुणाला घेऊ देत नाहीत, आणि हा नियम मीनलने केलेला नाही. हाक त्यांनाही जाते. सगळे एका सुरात "ही इज कमिंग" म्हणतात आणि खेळ पुढे सरकतो. मीनलने सोनीला लॅडर दिला. मी मीनलकडेच बघत राहिलो. सुट्टीत घरी येते तेव्हा ती अशी हसत नाही. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

रविवारी ती डहाणूपर्यंत सोडायला आली. किनाऱ्याजवळच्या खाणावळीत तळलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी खाल्ली. दोघांचं चारशेत झकास जेवण झालं. मग मी बदलीचं काढलं.

"होळीला पोरं येऊ देत, मग बघू."

"मागच्या वर्षीही हेच म्हणालीस."

"मागच्या वर्षीही पोरं आली होती," ती म्हणाली आणि तिने माझ्या ताटात आणखी एक बोंबील वाढला.

आता नाशिकला कुणी विचारलं की मी चिकूच्या वाड्या सांगतो, समुद्र सांगतो. जरूर जा, हिवाळ्यात जा. पण मला तिथून जे आणायचं होतं ते आलं नाही.

आठवड्याने मीनलचा फोन आला. "अर्ज नाही भरला मी. मुदत काल संपली."

"मला तू इथे हवी आहेस," मी म्हणालो. इतक्या वर्षांत हे असं सरळ कधी म्हटलं नव्हतं.

"माहीत आहे. म्हणूनच काल फोन केला नाही."

फोन मात्र कुणीच ठेवला नाही.