भोंग्याचा घसा

“छाती फाडली, मान्य. पण घशात नळी खुपसायला कुणी सांगितलं होतं?”

“हळू बोल!”

“हळूच बोलतोय! मोठ्यानं बोलता येतंय कुठे?”

“मरणाच्या दारातून परत आलास आणि घसा कसला कुरवाळत बसलास!” ताईने पाण्याचा पेला त्याच्यापुढे आदळला. “तक्रारबिक्रार काही करायची नाही, सांगून ठेवते.”

तिचा हा धाकटा भाऊ बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायचा. माइक बंद पडला तरी कुणाचं अडायचं नाही. हा खिडकीतून नुसती हाक द्यायचा आणि सुटलेली गाडी फाटकाशी थांबायची. सगळे त्याला भोंगा म्हणत आणि तो खुशाल ‘ओ’ देई. हृदय थकलं, दोन वाक्यांत धाप लागू लागली, तरी त्याने खिडकी सोडली नव्हती. आता छातीत दुसऱ्या कुणाचं तरी हृदय ठणठणीत चाललं होतं, आणि आवाज मात्र फुटक्या पिपाणीसारखा.

“आता काय हातवारे करून गाड्या सोडू?”

“नळी मीच घातली होती,” दारातून कुणीतरी म्हणालं. एक डॉक्टरबाई उभी होती. त्याने तिला कधीच पाहिलं नव्हतं. “गिळताना दुखतं का?”

ताईने कपाळावर हात मारला. भोंगा तयारच होता. “एवढा वेळ घशात काय बघत होता? सिनेमा?”

“तुमचं हृदय.” बाई स्टूल ओढून बसली. “अन्ननळी हृदयाच्या अगदी पाठीमागून जाते. तिथून, नळीच्या टोकाला असलेल्या सोनोग्राफीत सगळं स्वच्छ दिसतं. ऑपरेशन झालं, छाती बंद केली, सगळे हातमोजे काढायच्या बेतात. मी म्हटलं, थांबा, बंद छातीत एकदा बघू द्या. बघते तर उजवा कप्पा फुगत चाललेला! फुप्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी जोडताना जराशी लांब राहिली होती. छाती मिटली तशी ती दुमडली. पाण्याचा पाइप दुमडतो ना, तशी.”

“मग?”

“मग सर्जन माझ्यावर खेकसले. मग त्यांनी पडद्याकडे बघितलं. छाती पुन्हा उघडली, जादाचा तुकडा कापला, नव्यानं जोडलं. तोवर नळी आतच.”

“आधीच काढली असती तर?” ताईने विचारलं.

“तर हे आत्ता भांडत बसले नसते.”

भोंग्याचा हात आपोआप छातीवर गेला. “आवाज... येईल परत?”

“बहुतेकांचा येतो. माझ्या नळीनं बसला असेल, नाहीतर श्वासाच्या. घशाच्या डॉक्टरांना दाखवू. पण शब्द देत नाही.” त्याचं पांघरूण सारखं करून ती निघून गेली.

ज्या अनोळखी माणसाला इतके दिवस मनातल्या मनात लाखोली वाहिली, त्याच्याच हट्टावर आपला श्वास चाललाय, हे त्याच्या डोक्यात हळूहळू उतरलं. डोळे भरून आले.

“अहो, डॉक्टर...” नुसती हवाच निघाली. ती लांब पोचली होती. तिने वळून पाहिलं नाही.

त्याने पाय खाली सोडले, चपला चाचपल्या.

“अरे, निघालास कुठे? तक्रार करायला नाही ना?” ताई ओरडली.

भिंतीला हात लावत तो बाहेर पडला.