गेट व्हॉल्व्हची दोरी

माझी धाकटी जाऊ निपाणीकडची, जैन शेतकऱ्याघरची, दिरानं स्वतः पसंत करून आणलेली. आली तवापासनं ती माझ्या डोळ्यात खुपते, हे आधीच सांगून टाकते. मागनं कळून तुम्ही नाक मुरडण्यापेक्षा बरं.

आमचं घर वडगावातलं, विणकरांचं. बाकीचे माग विकले, एक तेवढा राह्यलाय, तो सासरे चालवतात. आम्ही दोघी जावा उद्यमबागेत व्हॉल्व्हच्या कारखान्यात जातो. तिला तिथं चिकटवली कुणी? मीच. आता ती ऐटीत गाडी चालवते आणि मी मागं दोघींचे डबे धरून बसते.

माझा सगळा काळ बॉल व्हॉल्व्हवर गेला. त्याच्या पोटात आरपार भोक पाडलेला गोळा असतो. दांडी पाव फेरा फिरवली की भोक पाइपाच्या रेषेत येतं आणि पाणी जातं, परत फिरवली की गोळ्याची पाठ आडवी येते. तिला मात्र आल्या आल्या गेट व्हॉल्व्हवर बसवलं. त्यात चाक फिरवलं की लोखंडी पाचर वर उचलली जाते आणि पाणी सरळ निघून जातं. तो एकतर पुरता उघडायचा न्हाईतर पुरता मिटायचा, अर्धवट ठेवला तर पाचर झिजते. पाणी कमी-जास्त करायला ग्लोब व्हॉल्व्ह. आणि नॉन-रिटर्नला तर चाक न्हाय की दांडी न्हाय. पाण्याच्या जोरानं झडप उघडते, पाणी मागं फिरलं की आपली आपण मिटते. हे मला तोंडपाठ होतं. तिला सुपरवायझर अण्णा कन्नडमधनं समजावून सांगायचे. तिचं कन्नड फर्डं, माझं बाजारापुरतं. दोघं बोलता बोलता हसली की मला वाटायचं, माझ्यावरच चाललंय.

दसऱ्याच्या तोंडावर टेस्ट बेंचवरच्या बाई काम सोडणार होत्या. ती जागा मला पाहिजे होती. लई पाहिजे होती. बेंचवरची बाई पास म्हणेल तोच माल बाहेर पडतो. ती स्टुलावर बसून दाबाच्या काट्याकडं बघते आणि बाकीचे तिच्यापुढं व्हॉल्व्ह घेऊन उभे राहतात. आजवर मीच सगळ्यांपुढं उभी राहिले. एकदा कुणीतरी माझ्यापुढं उभं राहावं, एवढंच मनात होतं. आमच्याकडं खंडेनवमीला ज्याचं मशीन त्यानंच त्याला हळदकुंकू लावायचं. औंदा बेंचची पूजा माझी, असं मी घरात बोलूनपण बसलेली.

अण्णा म्हणाले, "दोघी एकेक गेट व्हॉल्व्ह पुरता जोडा. जिचा पाण्याच्या दाबाला टिकंल तिचं बेंच."

चाकाची दांडी जिथनं बाहेर येते, तिथनं पाणी वर चढू नये म्हणून ग्रॅफाइटची दोरी भरतात. तिचे वेगवेगळे वेढे कापायचे, एकावर एक बसवायचे आणि प्रत्येकाचा सांधा वेगळ्या बाजूला ठेवायचा. अण्णांनी हे दाखवलंतं. पण दोरी हातात आली आणि हातांनी माझं ऐकलंच न्हाय. परकर नेसायच्या वयापासनं मी मागाच्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरत आले. सूत हातात आलं की न तोडता गुंडाळायचं, एवढंच त्या हातांना ठाऊक. विणकराच्या घरात तोडलेलं सूत म्हंजे वाया गेलेलं सूत. अख्खी दोरी मी एका दमात गुंडाळली, घट्ट आणि देखणी, आणि वरनं नट आवळले. शेजारी बघितलं तर ती सुरीनं तुकडे पाडत बसलेली. मनात म्हटलं, बघा, भाजी चिरतीया.

दाब चढवला. तिचा व्हॉल्व्ह ठणठणीत कोरडा. माझ्या दांडीपाशी आधी ओल आली, मग थेंब, मग धार. दोरी अखंड होती, म्हणून पाण्याला वाटही अखंड मिळाली. जिना चढल्यासारखं वेढ्यावेढ्यानं ते वर आलं. अण्णांनी खोलून दोरी ओढली, तर ती संपेचना. सगळे हसले. ती हसली न्हाय, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

बेंचला हळदकुंकू तिनं लावलं. आता मी माझे व्हॉल्व्ह घेऊन तिच्यापुढं उभी राहते. ती काट्याकडं बघत म्हणते, "पास आहे, आक्का." कानाला ते आक्का नकोसं होतं. घरी यावं तर सासूबाईंनी तिच्यासाठी बिनलसणाची आमटी वेगळी काढून ठेवलेली. मला काय चालतं आणि काय न्हाय, हे ह्या घरात कधी कुणी विचारलं न्हाय.

परवाच्या रविवारी तिनं रहाटावर कांडी भरायला घेतली. सूत तुटलं, तिनं गाठ मारली, परत तुटलं. गुंडाळलेलं सगळं सैल. सासूबाईंनी कांडी तिच्या हातनं काढून घेतली.

"थोरलीला दे. तुझा हात नव्हं ह्यो."

मी भरून दिली. सासरे मागावरनं म्हणाले, "हां, ही कांडी." त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

संध्याकाळी मी परड्यात भांडी घासत होते, तर ती मागनं आली. म्हणाली, "आक्का, मला कांडी शिकवा की. आमटी वेगळी, ताट वेगळं. सगळी पाव्हणीसारखं वागवतात. माझ्या हातचं काहीच लागत न्हाय ह्या घराला." डोळे भरले होते तिचे.

तवापासनं रोज सकाळी गाडी चालू करताना ती विचारते, आज शिकवाल का. मी मागं डबे सांभाळत म्हणते, "शिकवीन गं, घाई काय."

तसं ते एका दुपारचं काम हाय. ते मला चांगलं ठाऊक हाय, म्हणूनच शिकवत न्हाय.