मालतीबाईंच्या वर्गात रडलेला म्हातारा

नव्या माणसाला मालतीबाई पहिले काही दिवस बोलूच देत नसत. "नुसतं बसा, ऐका, चहा प्या. जीव घाबरा असला की शब्द पळतात," म्हणत. बाई मूळच्या दासगावच्या. मुंबईत वर्षानुवर्षं जर्मन शिकवून परतल्या आणि महाडला एस.टी. डेपोमागच्या खोलीत वर्ग काढला. परदेशी नोकरीला निघालेल्या नर्स, कारखान्यातले फिटर यायचे. साठी उलटलेला मी एकटाच.

बाईंनी एका म्हाताऱ्याला भर वर्गात रडवलं, असं महाडात अजून बोलतात. तो म्हातारा मी.

मुलानं जर्मन मुलीशी लग्न केलं तेव्हा मी गेलो नाही. सुनेशी, कातरीनाशी, बोललोही नाही. पुढे माफी मागावीशी वाटली. मुलगा म्हणाला, "मी सांगतो तिला." पण माफी दुसऱ्याच्या तोंडून कशी मागायची? म्हणून वर्गात आलो. घरी पाठ केलेली वाक्यं तिथं उभं राहिलं की घशात अडकत. एकदा एक फिटर हसला. मी चिडून पिशवी उचलली.

"अण्णा, तुमच्या तुडील गावात देवापुढं गाऱ्हाणं कोण घालतं?" बाईंनी विचारलं.

"मीच."

"सगळ्या गावासाठी मागणं मागता. तिथं नाय घसा बसत?"

"तिथं कोण हसतंय?"

"मग हितं पण कोण हसणार नाय. घाला गाऱ्हाणं, जर्मनमधी." मग फिटरकडे वळल्या. "आणि तू रे, दात काढतोस ना? गाऱ्हाण्याला गाव म्हणतं तसं 'व्हय म्हाराजा' म्हण. मोठ्यानं!"

मी हात जोडले, डोळे मिटले. लग्नाला आलो नाही. चुकलो. तुझा राग बरोबर आहे. प्रत्येक वाक्याला सगळा वर्ग गर्जत होता, "व्हय म्हाराजा!" मला रडू फुटलं, तरी वाक्य तुटलं नाही. बाई एवढंच म्हणाल्या, "रडत बोला. थांबू नका."

दारातून कोणीतरी पाहिलं आणि बाई माणसांना रडवतात, असं गावभर झालं. दोन नर्सनी वर्ग सोडला. "लोकांना खरं सांगतो," मी म्हटलं.

"आधी सुनेला सांगा," बाई म्हणाल्या.

त्या रविवारी फोनवर सांगितलं. चुका पुष्कळ झाल्या. कातरीनानं मध्ये न बोलता ऐकलं आणि शेवटी "बाबा" म्हणाली. लोकांना सांगायचं मात्र राहिलं.

बाई गेल्या तेव्हा कातरीना आमच्याकडे आली होती. अंत्यदर्शनाला आम्ही दोघं गेलो. तिथंही कोणी कुजबुजलं, "हुशार होती, पण म्हाताऱ्या माणसाला रडवायची." काय म्हणतात, असं कातरीनानं विचारलं. मी सगळं सांगितलं.

"मग हे त्यांना का नाही सांगत?"

मराठीत लाज वाटते, हे मी तिला जर्मनमध्ये सांगितलं. माझी लाज बाईंच्या नावावर राहू नये, म्हणून आता हे मराठीत लिहिलं आहे.