वाळू चाळायची नाही

रविवार, २३ नोव्हेंबर. दुपारी चार. स्थळ : ललिताची मुलांच्या खेळाची खोली. हजर : ललिताचे थोरले भाऊ नाना आणि वहिनी, नामपूरहून सकाळच्या एसटीने आलेले, ललिताच्या हाताखाली तयार झालेली वैशाली, सध्या खोलीत येणाऱ्या सहा मुलांपैकी पाच जणांचे आईवडील, पहिल्या वर्षापासून मुलांची ने-आण करणारे रिक्षावाले शकीलभाई, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली कावेरी, आणि मी. गैरहजर : सई, वय सहा, आणि तिची आई. सईला कांजिण्या आल्या म्हणून ती तीन आठवडे मनमाडला आजीकडे आहे. ललिता गेल्याचं तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मी वहीत नावं लिहीत होते तेव्हा नाना म्हणाले, शोकसभेला हजेरी घेणारी बाई मी पहिल्यांदाच बघतोय. म्हटलं, ललिताच म्हणायची, लिहून ठेव, नाहीतर तुला झोप लागायची नाही. सगळे लहान मुलांच्या खुर्च्यांवर बसले होते, कारण त्या खोलीत मोठ्या खुर्च्या नाहीतच. नानांचे गुडघे छातीला लागत होते. सभा कसली, एकेक जण फळ्यांवरच्या खेळण्यांकडे बघत काहीतरी बोलत होता आणि मध्येच थांबत होता...

ललिता देवरे आणि मी सव्वीस वर्षांच्या मैत्रिणी. दिवाळीनंतर पुतणीच्या साखरपुड्याला ती नामपूरला गेली. जाताना सईला सांगून गेली होती, की मी गावाला जाऊन येते, पुढच्या गुरुवारी चार वाजता आपण इथेच. साखरपुडा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला नानांचा फोन आला. अंगणात खुर्चीत बसली होती, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हा मी खोलीतली प्लॅस्टिकची जनावरं साबणाच्या पाण्यात धूत होते, हे आमचं महिन्याचं काम. फोन ठेवला आणि उरलेली धुतली. पुसली, नंबराप्रमाणे फळीवर लावली. मग बसले.

आमची ओळख शाळेतली. ती पहिलीच्या वर्गावर, मी ऑफिसात. मस्टर, दाखले, पत्रव्यवहार माझ्याकडे, आणि पहिलीच्या वर्गातल्या तक्रारीही माझ्याच टेबलावरून जायच्या. अमका चावतो, तमकी वर्गात चड्डी ओली करते, एक जण दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतो. मुख्याध्यापक पालकांना बोलावून मुलाला धाक दाखवायला सांगायचे. ललिता मात्र मधल्या सुट्टीत त्या मुलाशेजारी जमिनीवर बसायची आणि त्याच्या हाताशी भातुकली सरकवून ठेवायची. बोलायची काहीच नाही. मी एकदा विचारलं, हे काय चाललंय? म्हणाली, अजून मलाही नीट माहीत नाही, पण शिकून घेणार आहे. चाळिशी उलटल्यावर तिने खरंच ते शिक्षण घेतलं. खेळातून मुलांच्या मनावर उपचार कसे करायचे, याचं. पुस्तकं, सराव, कुणाच्या तरी देखरेखीखाली केलेलं काम, परीक्षा, सगळं नोकरी सांभाळून. पुढे नोकरी सोडून कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर ही खोली घेतली. वर्षभराने मीही शाळा सोडून तिथे आले. दाराबाहेर माझं टेबल. ती मला मॅनेजर म्हणायची.

खोली बघून मला वाटलं होतं, इथे करण्यासारखं काम माझंच आहे. खेळण्यांना क्रमांक दिले, फळ्यांना क्रमांक दिले, यादी लॅमिनेट करून दारामागे लावली. ललिता म्हणाली, हे तू फार मोठं काम केलंस. मला वाटलं, कौतुक करतेय. ती गंभीरपणे सांगत होती, की ज्या मुलाच्या घरात कालची गोष्ट आज जागेवर नसते, त्याला एक तरी अशी जागा लागते, जिथे गेल्या आठवड्यातला हत्ती याही आठवड्यात तिथेच असतो. तिचे नियमही मी लिहून घेतले. काय खेळायचं ते मूल ठरवणार. ‘का केलंस’ विचारायचं नाही. ‘शाबास’ म्हणायचं नाही. मूल जे करतं तेवढंच शब्दांत सांगायचं. वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी सांगायचं. आवरायचं काम मुलाचं नाही, आपलं. पालक बाहेर माझ्या टेबलापाशी बसायचे आणि हमखास म्हणायचे, नुसतं खेळायचंच तर घरीही खेळतो की. एका आजोबांना ललिताने हसत सांगितलं होतं, "घरी तो खेळतो तेव्हा तुम्ही मध्ये बोलता, काका."

खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मलाही त्या काकांचं पटायचं. मला मोजता येईल अशी प्रगती हवी असायची. मग कावेरी आली.

कावेरी तेव्हा सात वर्षांची होती. बागलाणातलं कुटुंब. आई आजारपणात गेली, आणि तिला दवाखान्यातून घरी आणायच्या आधीच कावेरीला नाशिकला आत्याकडे पाठवण्यात आलं. आई कुठंय, तर गावाला गेली. झोपलीय, असंही कुणीतरी म्हणालं होतं. पाच महिने झाले होते आणि पोर एक शब्द बोललेली नव्हती. ललिताने पहिल्या दिवशी तिला तिच्या बोलीत विचारलं, तुनं नाव काय शे? कावेरीने वर बघितलं, एवढंच. मग दर गुरुवारी ती एकच करायची. फळी तीन, क्रमांक चौदा, लाल झग्याची बाहुली घ्यायची, वाळूच्या ट्रेमध्ये खड्डा करायचा, बाहुली आत ठेवायची, वर वाळू ओढायची आणि तळहाताने सपाट करत बसायची, पाऊण तास. ललिता शेजारी मांडी घालून. "तू तिच्यावर वाळू घातलीस. आता गुळगुळीत करतेयस." बस्स. तिसऱ्या आठवड्यात ललिताने कावेरीसाठी वेगळा ट्रे केला, वर कापड घातलं आणि मला सांगितलं की याला हात लावायचा नाही.

सांगितलं होतं. मी यादीत लिहिलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी मी खोलीची साफसफाई काढली. सगळी वाळू चाळली, धुतली, गच्चीवर वाळवली. त्यात कावेरीचा ट्रेही आला. बाहुली सापडली, तिचा झगा धुतला, इस्त्री केली आणि फळी तीन, क्रमांक चौदावर नीट उभी करून ठेवली. मला आठवतं, मी दारात उभी राहून खोलीकडे समाधानाने बघितलं होतं. गुरुवारी कावेरी आली. तिने कापड काढलं, वाळूत हात घातला. उकरत राहिली, निळा तळ दिसेपर्यंत उकरत राहिली. मग तिला फळीवर उभी असलेली बाहुली दिसली. ती टेबलाखाली शिरली आणि आत्या येईपर्यंत बाहेर आली नाही. पुढचे दोन गुरुवार ती आलीच नाही. आत्याचा फोन आला, पोरगी रिक्षातच बसत नाही, राहू द्या आता. ललिताची गेल्या तीन महिन्यांची मेहनत मी एका सकाळच्या कामात पुसून टाकली होती, आणि त्या मुलीला दुसऱ्यांदा कळलं होतं की आपलं झोपलेलं माणूस मोठी माणसं न विचारता हलवतात.

ललिता रागावली नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं. म्हणाली, "चूक तुझी आहे, तर सांगायला तू जायचं. मी नाही. आणि फाइल घेऊन जाऊ नको."

पंचवटीत आत्याच्या घरी गेले. कावेरी कपाटाच्या आडोशाला बसली होती. मी फरशीवर बसले आणि पाठ केलेलं बोलले. तुझी बाहुली मी काढली. ताईंनी नको सांगितलं होतं. चूक माझी आहे, तुझं काही चुकलेलं नाही. आत्या मागून म्हणत होत्या, अहो काकू, लेकराची कसली माफी मागता, चहा घ्या आधी. कावेरीने माझ्याकडे बघितलंही नाही. मी चहा घेऊन परत आले.

त्या गुरुवारी चारला पाच कमी असताना शकीलभाईंची रिक्षा दारात थांबली. कावेरी उतरली, आत गेली, फळीवरून बाहुली घेतली आणि ललिताकडे न जाता बाहेर माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. माझा हात धरला. मी ललिताकडे बघितलं, तिने मानेनेच ये म्हटलं. कावेरीने माझ्याकडून खड्डा करून घेतला, बाहुली ठेवून घेतली, वाळू ओढून घेतली. माझा तळहात धरून वरची वाळू सपाट केली. मग पाच महिने... नव्हे, तोवर आठ महिने झाले होते, आठ महिन्यांनी तिचा आवाज आला. थोडा घोगरा.

"ती झोपेल शे. तिले उठाडू नका."

"तिले उठाडानं नही," ललिता तितक्याच हळू म्हणाली. ना शाबास, ना टाळ्या. मी बाहेर आले आणि यादीच्या अगदी वर लिहिलं : झाकलेला ट्रे. चाळायचा नाही.

त्यानंतरचं सगळं ललिताने वाट बघून मिळवलेलं आहे. जानेवारीत कधीतरी कावेरीने बाहुली आपणहून बाहेर काढली. नळाखाली अंघोळ घातली, भातुकलीतलं जेवू घातलं, डॉक्टरच्या पेटीतून सुई टोचली. एका गुरुवारी, दार लोटलेलं होतं म्हणून मला ऐकू आलं, तिने विचारलं, माझी आई मेली ना? ललिता म्हणाली, "हो." गोल फिरून नाही, देवाचं नाव पुढे करून नाही. नुसतं हो. मग वेळ संपेपर्यंत आतून दुकान-दुकान खेळल्याचा आवाज. महिनाभरात आत्याची तक्रार आली, पोरगी आतेभावाशी भांडायला लागलीय, चिमटे काढते. ललिता फोनवर म्हणाली, भांडते? मग फार चांगलं झालं! आत्या चक्रावल्या.

त्याच वर्षी ललिताने मला चार वाक्यं उतरवून घ्यायला लावली. घरात कुणी गेलं तर मुलाला काय सांगायचं, ते पालकांना देण्यासाठी. ते माणूस मेलं. म्हणजे त्याचं शरीर थांबलं. ते परत येणार नाही. तू काही केलंस म्हणून हे झालेलं नाही. पालक म्हणायचे, ‘मेलं’ फार कठोर वाटतं. ललिता म्हणायची, तुम्हाला वाटतं. त्याला ते कळतं. कितीतरी घरांत मी तो कागद पोचवला आहे. आणि या महिन्यात पाच मुलांना, त्यांच्या आईबाबांना शेजारी बसवून, मी स्वतः ती चार वाक्यं ललिताच्या नावानिशी सांगितली. एकाने विचारलं, मग हत्ती कोणाचा? एक मुलगी चिडून माझ्या हाताला चावली. मला ललिताचा अभिमान वाटला. ती नसतानाही तिची पद्धत त्या खोलीत उभी होती.

पण दहा दिवसांपूर्वी सईच्या आईने मनमाडहून फोन केला आणि मध्येच फोन सईच्या हातात दिला. "काकू, ललिताताई काय करतेय?" माझ्या समोर काचेखाली तो कागद होता. मी म्हणाले, ताई गावाला गेल्यात. ललिता गावाला गेली होती, म्हणजे हे खोटंही नव्हतं, असं मी स्वतःला दिवसभर सांगत होते...

सभा संपल्यावर कावेरी खुर्च्या उचलायला थांबली. उंच झालीय, बोलते भरभर, लहान मुलांच्या वॉर्डात काम करायचं म्हणते. सईला फोनवर मी काय म्हणाले, ते मी तिला सांगितलं. खुर्ची हातात धरून ती उभी राहिली.

"काकू, मलापण हेच सांगितलं होतं. मी रोज एसटी स्टँडची वाट धरायची."

एवढं बोलून तिने खुर्ची क्रमांकाप्रमाणे लावली. वैशाली म्हणाली, जानेवारीपासून खोली मी बघेन, आणि येत्या गुरुवारी सई परत आली की तिच्याबरोबरही मीच बसेन. पण सांगायचं तुम्ही, काकू. ठरलं.

हे लिहिते आहे ते माझ्या टेबलावर बसून. आतल्या खिडकीखाली सईचा ट्रे आहे, कापडाने झाकलेला. शेवटच्या गुरुवारी तिने हत्तीभोवती आइस्क्रीमच्या काड्यांचं कुंपण केलं होतं आणि हत्तीला पुढच्या खेपेला सोडायचं, असं ललिताला बजावलं होतं. कापडाला पिनने चिठ्ठी लावलेली आहे, ललिताच्या ठसठशीत अक्षरात : ‘सईचा. चाळायचा नाही. खास मॅनेजरसाठी.’ धूळ बसते म्हणून मी कापडावरून रोज हात फिरवते, कापड उचलत नाही.

आजची यादी : नानांना ललिताच्या फोटोंची पाकिटं पोचती करणे, झालं. वैशालीला किल्ली देणे, झालं. शकीलभाईंना गुरुवारची वेळ कळवणे, झालं. जनावरं धुणे, झालं, हत्ती सोडून. शेवटची ओळ : सईला सांगणे. गुरुवार, चार वाजता.

तिच्यापुढची चौकट अजून रिकामी आहे.