उचगावच्या लग्नात ऐकलेला माझाच आवाज

मंडळी, आज दुपारी उचगावला एका लग्नाला गेलतो. तिथलं सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही.

जेवायला बसलो आणि स्टेजवर किरण आला. आमच्या बँडचा गायक; मागं साथीला मी गायचो. एके काळी बेळगावपासून निपाणीपर्यंत आमची गाणी वाजायची. मग त्याला एकट्यानं गायचं होतं. तो गेला, बँड मोडला, मी टिळकवाडीत दुकान टाकलं. त्यानंतर आमचं बोलणं नाही.

आज त्याच्या मागं कुणीच नव्हतं, सगळं संगीत पेनड्राइव्हवर. त्यानं आमचंच जुनं गाणं धरलं. धृपदाला मागून साथ आली आणि माझा घास हातातच राहिला. तो माझा आवाज होता, जुन्या रेकॉर्डिंगमधला. लई मोकळा, तरणाबांड.

गाणं संपल्यावर तो माझ्याकडंच आला.

"अण्णा, रागावू नका. नव्या पोरांकडनं साथ गाऊन घेऊन बघितली, पन मागं तुमी नसला की मला सूरच लागत न्हाय. चला की वर, आज दोघं गाऊया."

"न्हाय जमायचं रं," मी म्हटलं.

माझा घोगरा आवाज ऐकून तो चपापला. घशाचं ऑपरेशन झाल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं माझा हात धरला. मग म्हणाला, "ते गाणं आता बंद करतो, अण्णा."

"बंद करू नको," मी म्हटलं. "तेवढाच आवाज राहिलाय माझा."

ज्याच्यावर इतकी वर्षं राग धरला, त्याच्याकडंच आपलं काहीतरी जपलेलं सापडलं, असं तुमचं कधी झालंय का?