चेहरे येईपर्यंत

धम्मदीप नेमकं काय काम करतो, हे उल्हासनगर कॅम्प चारमधल्या त्याच्या गल्लीत कुणालाच धड सांगता यायचं नाही. कुणी म्हणे मोबाइल रिपेरिंग करतो, कुणी म्हणे कंपनीत साहेब आहे. त्याची आई सुंदराबाई मात्र ठासून सांगायची, "माझा दीप फोनातल्या खोल्या बांधतो. कुठलं दार ढकललं की कुठली खोली उघडायची आन् परत कुठून निघायचं, ते सगळं त्याच्या हातात." ऐकणारे हसायचे. पण अंबरनाथ पूर्वेच्या एका लहानशा कंपनीत बसून धम्मदीप गेली नऊ वर्षं जे करत होता, त्याचं याहून चोख वर्णन त्याच्या साहेबालाही जमलं नसतं. ॲपची एक स्क्रीन उघडायची, तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. आणि माणसाने मागे जायचा बाण दाबला की सगळ्यात वरची काढून तिच्या खालची दाखवायची. हे जमवणं वाटतं तितकं सोपं नाही. ॲप कितीही देखणं असलं, तरी बाण दाबून भलतीकडेच पोचलेला माणूस पुन्हा ते उघडत नाही.

ही अक्कल त्याला आईकडूनच मिळाली होती. सुंदराबाईला अक्षरओळख नव्हती. कॅम्पातल्या गल्ल्या एकासारख्या एक, पाट्या वाचता येत नाहीत, मग तिने स्वतःपुरता एक कायदा केला होता: ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परत यायचं, जवळचा रस्ता कुणी कितीही दाखवो. जीन्सच्या कारखान्यात धागे कापायचं काम तिने बावीस वर्षं केलं. शिवून आलेल्या जीन्स तिच्यापुढे एकीवर एक पडत, आणि ती सगळ्यात वरची पहिल्यांदा उचले. नोकरीच्या मुलाखतीत धम्मदीपला विचारलं, स्क्रीन एकीवर एक कशा साठतात ते समजावून सांगा. त्याने आईपुढचा जीन्सचा ढीग सांगितला. समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले आणि नोकरी मिळाली.

वडील, भीमराव, गेले त्यानंतर धम्मदीपने पालेगावात आठव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आईला तिथे नेलं. ती पंधरा दिवस टिकली. एकदा खाली भाजी आणायला गेली आणि परत येताना लिफ्टमधून पाचव्या मजल्यावर उतरली. तेच दार, तीच फरशी. अर्धा तास परक्याच्या दारात पिशवी घेऊन उभी. सुनेने, तेजलने, तिला शोधून वर आणलं तेव्हा ती कानकोंडी होऊन म्हणाली, "पेटीत बसून गेल्यावर वाट कुठं दिसती? परत कशी येऊ मी?" त्यानंतर चौथ्या दिवशी ती कॅम्प चारला, आपल्या खोलीत परत गेली. धम्मदीपने फार आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर त्याला थोडं सुटल्यासारखंही वाटलं, आणि हे त्याने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

मग त्याने आईसाठी ॲप बांधलं. दुकानात मिळणारं नव्हे, फक्त तिच्या फोनात असलेलं. उघडलं की चार मोठे चेहरे: धम्मदीप, त्याची कात्रपला दिलेली बहीण भावना, तेजल, आणि भिंतीला भिंत लागून राहणारी मालिनी. चेहरा दाबला की फोन लागायचा. वाचायला एक अक्षर नाही. शिकवायला त्याने एक अख्खा रविवार घातला आणि दोन नियम घालून दिले. पहिला: "आई, कुठंही अडकलीस तर खालचा बाण दाबायचा. चेहरे येईपर्यंत दाबायचा." दुसरा: "चेहऱ्यांच्या बाहेर जी चित्रं दिसतात, त्यांना हात लावायचा नाही." कारण एकदा तिने कुठलं तरी चित्र दाबलं होतं आणि फोन तीन दिवस गुजरातीत बोलत होता.

सुंदराबाईची एक खोड होती. रात्री दिवा, शेगडी आणि फोन, तिन्ही बंद करून झोपायचं. सकाळी फोन चालू केला की चेहरे नसत, नुसती चित्रं. तिथे हात लावायचा नाही म्हटल्यावर ती भिंतीवर थाप मारायची. मालिनी पीठ लागलेल्या हातांनी यायची, ॲप उघडून द्यायची, आणि आलीच आहे तर घोटभर चहा घेऊन जायची. रोज सकाळी आठच्या सुमाराला, वर्षभर.

पुढे आईला बीपीची गोळी सुरू झाली आणि ती घ्यायला आई विसरू लागली. धम्मदीपने ॲपमध्ये घंटा घातली. आठ वाजता फोन वाजायचा, वर घंटेचं चित्र यायचं, ते दाबलं की गोळीची मोठी स्क्रीन आणि तिच्यात एक हिरवं बटण. बटण दाबलं की धम्मदीपच्या फोनवर "घेतली" असा निरोप जायचा आणि आईसमोर चेहरे उघडायचे. ते दाबेपर्यंत घंटा वाजतच राहायची. त्याने तिसरा नियम सांगितला: "खरंच गोळी गिळलीस तरच हिरवं दाबायचं हां. मला इथे कळतं."

"मी कशाला खोटं दाबू?" ती फणकारली. रोज सकाळी ती पंचशील म्हणायची, आणि त्यातलं खोटं न बोलण्याचं शील तिला बटणालाही लागू होतं.

घंटेने चेहरे आपोआप उघडू लागले तशी भिंतीवरची थाप बंद झाली. "आता मालिनीचा खोळंबा नको," सुंदराबाई सगळ्यांना कौतुकाने सांगायची, "माझ्या पोरानं सोय केली." मालिनीनेही शिलाई मशीन सकाळी लवकर सुरू करायला घेतली. चहा राहिला तो राहिलाच.

दोन महिन्यांनी एका दुपारी आईचा फोन आला. धम्मदीपच्या टेबलाशी तेव्हा दोघंजण उभे होते, संध्याकाळी एक ॲप गिऱ्हाइकाला द्यायचं होतं.

"दीप, सकाळी गोळीच्या आधी तुला फोन लावायचा होता. बाण दाबला, तर चेहरे येईनात. बाहेरच जातंय."

त्याने एका हाताने आपला फोन उचलला, त्यातलं तेच ॲप उघडलं, घंटा वाजवली, गोळीची स्क्रीन आली, बाण दाबला. चेहरे आले.

"माझ्याकडे तर चालतंय, आई. तू दुसरं काहीतरी दाबलं असशील."

"असंल बाबा," ती म्हणाली. "मलाच काय कळतंय त्यातलं." आणि तिने फोन ठेवला.

माझ्याकडे तर चालतंय! या धंद्यातल्या माणसांच्या तोंडी हे वाक्य बसलेलंच असतं. गिऱ्हाइकाला ऐकवतात, ॲप तपासणाऱ्या मुलींना ऐकवतात. त्या दिवशी ते आईला ऐकवलं गेलं, एवढंच.

पुढच्या गुरुवारी आठ वाजून गेले तरी "घेतली" आलं नाही. धम्मदीप पालेगावातून निघाला, ऑफिसात पोचला, मीटिंगमध्ये बसला. साडेआठला त्याने फोन पाहिला आणि मनात म्हटलं, विसरली वाटतं. मीटिंग झाली की फोन करू. नऊला मालिनीचा फोन आला. मशीनचा दोरा संपला म्हणून ती उठली होती आणि शेजारची घंटा वाजत राहिलेली तिला ऐकू आली होती.

सुंदराबाई पलंगाला टेकून जमिनीवर बसलेली होती. एका हातात गोळ्यांचं पाकीट, कडेने फाटलेलं, गोळी आतच. दुसऱ्या हातात फोन. वाचा गेली होती, पण अंगठा चालत होता. मालिनी म्हणाली, "मी हातातनं फोन घ्यायला गेले, तर सोडीना. दाबतच होती." दवाखान्यात दुपारी दोनच्या आत सगळं संपलं. आधी आणलं असतं तर, असं धम्मदीपने विचारलं. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले की सांगता येत नाही. उपयोग झाला नसता, असं म्हणाले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली, भावना कात्रपला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मदीप एकटाच आईच्या खोलीत बसला आणि तिचा फोन लॅपटॉपला जोडला. कुठली स्क्रीन कधी उघडली आणि कधी बंद झाली, याची नोंद ॲप फोनातच ठेवायचं. ती सवय त्याने कामावरून आणली होती.

त्या गुरुवारची नोंद अशी होती. आठ वाजून चार मिनिटं, गोळी उघडली. आठ चार, बाण, बंद. आठ पाच, गोळी उघडली. आठ पाच, बाण, बंद. आठ सात. आठ आठ. आठ बारा. मधली अंतरं वाढत गेलेली. आठ एकतीसपर्यंत ती चौदा वेळा घंटेतून आत गेली होती आणि चौदाही वेळा बाण दाबून बाहेर, हात लावायचा नाही त्या चित्रांत पडली होती. त्यानंतर अंगठा चालत होता, पण घंटेवर लागला नव्हता. चेहऱ्यांची स्क्रीन एकदाही उघडली नव्हती. हिरवं बटणही एकदाही दाबलेलं नव्हतं. ते एकदा खोटं दाबलं असतं तर त्याच क्षणी चेहरे समोर आले असते. पण गोळी घेतली नव्हती, मग ती कशी दाबणार?

चूक त्याला अर्ध्या मिनिटात सापडली. त्याच्या फोनात ॲप दिवसभर उघडंच असायचं, म्हणून चेहरे खाली आणि गोळी वर. बाण दाबला की गोळी निघे आणि चेहरे दिसत. आईचा फोन रात्री बंद व्हायचा. सकाळी घंटेने गोळीची स्क्रीन थेट उघडे, तेव्हा तिच्या खाली काहीच नसे. जीन्सच्या ढिगात एकच जीन्स. ती उचलली की खाली फरशी. थेट उघडणाऱ्या स्क्रीनखाली आधीच्या स्क्रीन आपण रचून ठेवायच्या असतात, हे तो नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. आणि आईची वाट मात्र त्याने रचलीच नव्हती. जन्मभर गेल्या वाटेने परत येणारी बाई, तिला त्याने त्या लिफ्टसारख्याच पेटीत बसवलं होतं.

तिने सांगितलंही होतं. स्वच्छ, एका वाक्यात सांगितलं होतं. नऊ वर्षांत इतकी नेमकी तक्रार त्याच्याकडे कुठल्या गिऱ्हाइकाने केली नव्हती.

तीन ओळी बदलाव्या लागल्या. त्याने त्या बदलल्या, ॲप आईच्या फोनात घातलं, फोन बंद केला, पुन्हा चालू केला. भिंतीपलीकडे मालिनीची मशीन आज बंद होती. आठ वाजता घंटा वाजली. त्याने ती दाबली. गोळीची स्क्रीन आली, हिरवं बटण आलं. बटणाला हात लावायचा त्याला धीर झाला नाही. त्याने बाण दाबला.

चेहरे आले. पहिल्याच वेळेला आले, चारही, आणि वरचा पहिला त्याचाच होता.

"तुझं बरोबर होतं, आई," तो फोनकडे बघत म्हणाला. "तू नीटच दाबत होतीस."