विस्तवाविना लाडू

कोको पावडरचा नवा डबा उघडला, की त्या कडवट, किंचित मातकट वासातून कोल्हापुरातली सत्तरच्या दशकातली एक दिवाळी माझ्यापुढे उलगडते. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि विस्तवाशिवाय होणाऱ्या चॉकलेटच्या लाडवांची कृती मासिकात वाचून झपाटून गेले होते. "चूल न पेटवता फराळ हुतोय व्हय गं?" करंजीला मुरड घालता घालता आई हसली. "धड वळलेस तर चाचींच्या ताटात ठेवीन, न्हाईतर न्हाई." शेजारच्या चाचींकडे जाणाऱ्या त्या ताटात माझा पदार्थ असावा, एवढीच माझी आस होती. बिस्किटांचा चुरा, दुधाची पावडर आणि कोको मी एकत्र केले. तूप मात्र आईच्या बेसनाच्या लाडवांच्या अंदाजाने ओतले, आणि वळलेले लाडू ताटलीत संथपणे पसरत गेले. माझे मुसमुसणे ऐकून खुद्द चाचीच दारात आल्या. "रडतीस कशाला? आमच्याकडंच येणार न्हवं ते? डब्यात भर आन् माठाखालच्या ओल्या वाळूत रोव की!" त्यांच्या घरातल्या त्या गार, अंधाऱ्या कोपऱ्यात मी दुपारभर बसून राहिले; आत नेमके काय घडत असेल, या कुतूहलाने झाकणाला कान लावून. सांजेला मिश्रण घट्ट झाले होते; पुन्हा वळले, तेव्हा लाडू तुकतुकीत निघाले. आईने एक बोटांत दाबून पाहिला, तोंडात टाकला आणि चकल्यांशेजारी चार मांडत हळूच विचारले, "कसं केलंस गं हे?" त्यांची चव आता नीटशी आठवत नाही, पण स्वयंपाकघरात आईने मला काही विचारण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि मी बिस्किटांच्या चुऱ्यापासून ओल्या वाळूपर्यंत सगळे तिला सांगत सुटले.